नर्स या शब्दातलं दूध

बारावीचा निकाल लागल्यावर मी नर्सिंगला जातो असं घरी सांगितलं, तेव्हा वडील संत्र्याच्या कलमांना पाणी देत होते. पाइप त्यांच्या हातातच राहिला आणि पाणी एकाच वाफ्यात साचत गेलं.

"म्हंजे डॉक्टरच्या हाताखालचं काम ना?"

"डॉक्टरच्या सोबतचं, बाबा."

"अन् लोकं तुले काय म्हनतीन? नर्स?"

"हो. नर्सच म्हणतील."

त्यांनी पाइप पुढच्या वाफ्यात टाकला आणि विषय तिथेच सोडला. आई पलीकडे कलमं बांधत बसली होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. आमच्या घरात नापसंती असली की ती लगेच बोलून मोकळी होते. ती काही बोलली नाही, म्हणजे तिचा होकार होता.

आमचं गाव वरूड तालुक्यातलं. स्वतःची संत्र्याची बाग लहानच, पण मुख्य धंदा पन्हेरीचा. म्हणजे जंबेरीची, रानलिंबाची, रोपं वाढवायची, त्यांच्या खोडावर चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, बांधायचा आणि ती कलमं तयार झाली की बागाईतदारांना विकायची. गावात या कामाला पन्हेरीच म्हणतात. पण फाट्यावर वडिलांनी जो पत्र्याचा बोर्ड लावला होता, त्यावर पेंटरकडून लाल रंगात मोठ्या अक्षरांत 'नर्सरी' लिहून घेतलं होतं. परतवाड्याकडून, काटोलकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो शब्द लांबूनही कळायचा.

नर्सिंगचं माझ्या डोक्यात कुठून आलं, तर आजोबांच्या आजारपणातून. ते अमरावतीच्या दवाखान्यात बरेच दिवस होते आणि त्यांच्याजवळ बसायला मी असायचो. त्या वॉर्डात एक पुरुष नर्स होता. दणकट अंगाचा, मिशीवाला. तो आजोबांना कुशीवर वळवायचा, पाठ पुसायचा, आणि हे सगळं करताना त्यांच्याशी पावसापाण्याच्या, बैलांच्या गोष्टी करायचा. आजोबा आयुष्यात कोणाला पाठीला हात लावू देणारे नव्हते. पण त्या माणसाची ड्यूटी लागली की त्यांचा चेहरा उजळायचा. डॉक्टर येऊन जायचे, पण आजोबा वाट पाहायचे ते याची. आपल्याला हेच करायचं आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि ते वाटणं पुढे कधी हललं नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात एकानं विनोद केला, "बापाची नर्सरी अन् पोट्टा नर्स!" तो इतका चालला की मी रस्त्यानं निघालो तरी पोरं 'नर्सरी, नर्सरी' करून ओरडायची. मला त्याचं फार लागलं नाही. वडिलांना मात्र लागलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं, पण ते विचारात पडले.

नर्सिंग कॉलेजसाठी अमरावतीला निघायच्या दिवशी एसटीची वाट पाहत आम्ही फाट्यावर उभे होतो. वडील त्या बोर्डाकडे बघत म्हणाले, "जाऊन राहिला तर एक काम कर. या शब्दाचा अर्थ घेऊन ये मले. नर्स म्हंजे बाईच असते काय? अन् बाईच असन, तर मंग माह्या धंद्याच्या बोर्डावर हा शब्द काहून आहे? झाडाचा अन् दवाखान्याचा काय संबंध?"

मी म्हणालो, "बाबा, तुमीच लिहून घेतला ना तो बोर्ड."

"मी कुठी लिवला? सगळेच लिवतात म्हून पेंटरनं लिवला. मी त्याले अर्थ नाही इचारला. तुले इचारून राहिलो."

प्रश्न साधा होता, पण खरा होता. मी तो मनात ठेवूनच गाडीत चढलो.

आमच्या वर्गात मुलीच मुली आणि आम्ही मोजकी पोरं. पांढरा गणवेश, केस बारीक, बूट चकचकीत. पहिल्याच आठवड्यात वॉर्डात एका म्हाताऱ्यानं मला 'ओ सिस्टर' अशी हाक मारली. सोबतचा पोरगा लाजून लाल झाला. मी सरळ पुढे गेलो आणि विचारलं, "काय पाहिजे बाबा?" त्याला पाणी पाहिजे होतं.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, कडक शिस्तीच्या आणि इंग्रजीवर मनापासून प्रेम करणाऱ्या होत्या. एक दिवस तास संपल्यावर मी त्यांना वडिलांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. मला वाटलं होतं त्या हसतील. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हे मला एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नाही. आणि विचारलं कोणी, तर संत्र्याची कलमं करणाऱ्या माणसानं. चल माझ्याबरोबर."

त्या मला ग्रंथालयात घेऊन गेल्या. जाडजूड इंग्रजी शब्दकोश टेबलावर उघडून आम्ही दोघं उभ्या उभ्या वाचू लागलो. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, त्या समजावून सांगत होत्या. नर्स हा शब्द इंग्रजांचा स्वतःचा नव्हे, तो त्यांच्याकडे जुन्या फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये आला लॅटिनमधून. आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता, दुसऱ्याच्या बाळाला अंगावर पाजणारी बाई. दूधआई. दवाखाना, औषध, इंजेक्शन यांचा त्या मूळ शब्दाशी काहीच संबंध नव्हता. पाजणं, पोसणं, वाढवणं एवढंच होतं. आजाऱ्याची शुश्रूषा हा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला.

"आणि नर्सरी?" मी विचारलं.

"आधी श्रीमंतांच्या घरातली लेकरांची खोली, जिथे ही दूधआई बाळ सांभाळायची. मग लहान रोपं जपायची जागा. मग लहान मुलांची शाळा. सगळे एकाच घरचे." मॅडमनी बोट पुढच्या ओळीवर नेलं. "हे बघ, आणखी गंमत. इंग्रजीत माणूस रागालाही नर्स करतो. म्हणजे मनात राग पोसत राहतो. चहाचा एकच कप घोट घोट करत तासभर हातात धरून बसला, तर त्या कपालाही नर्स करतो. जे काही जपून, हळूहळू, जीव लावून सांभाळायचं, त्या सगळ्याला हा एकच शब्द."

वसतिगृहाकडे परतताना माझी पंचाईत झाली. वडिलांना काय सांगायचं? नर्स म्हणजे बाईच काय, हा त्यांचा प्रश्न होता. आणि उत्तर तर असं निघालं की नुसती बाई नव्हे, अंगावर दूध पाजणारी बाई!

दिवाळीत घरी गेलो. हातपाय धुऊन जेवायला बसलो तर वडिलांनी पहिला घास घेण्याआधीच विचारलं, "सापडला काय अर्थ?"

मी काहीही न झाकता सांगून टाकलं. दूधआई, लॅटिन, फ्रेंच, सगळं. वडील घास हातात धरून ऐकत राहिले. त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजे हॉटेलातले लोकं म्हनतात तेच खरं," ते म्हणाले.

तेवढ्यात आई हसली. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. "काय वाईट आहे त्याच्यात? जंबेरीचं झाड काय करते मंग? डोळा कोनाचा, झाड कोनाचं. दुसऱ्याचा डोळा आपल्या अंगावर घेते अन् आपल्या मुळातलं पाजून त्याले मोठं करते. लोकं संत्रं खातात, जंबेरीचं नाव कोनी घेत नाही. पन जंबेरीच नसन तर संत्रं येईन कुठून?"

वडिलांनी घास तोंडात घातला. जेवण झाल्यावर हात धुताना म्हणाले, "मंग बोर्ड बरोबर आहे." आणि थोडं थांबून, "अन् तुहं कामही बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन फाट्यावरच्या हॉटेलात गेले. विनोद करणारा माणूस तिथेच होता. वडिलांनी चहा सांगितला आणि सगळ्यांसमोर त्या शब्दाची कुळकथा लॅटिनपासून सांगितली. लॅटिनला ते 'लॅटीन देश' म्हणत होते. मी दुरुस्त केलं नाही. त्यांच्या आवाजात जो जोर होता तो मला फार आवडला. विनोद करणारा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "भाऊ, एवढं मोठं असन तर मंग माह्या पोरीलेही टाकतो नर्सिंगले." त्याची मुलगी पुढे खरंच नर्स झाली. आज ती पुण्याला आहे.

शिक्षण संपलं आणि मला अकोल्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. नेमणुकीच्या आदेशात पदाचं नाव होतं 'अधिपरिचारक'. मराठी शब्द भारदस्त होता, पण त्यानं नवाच घोळ केला. आमच्याकडे पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत शिपायाला परिचर म्हणतात. एका काकांनी आदेश वाचला आणि वडिलांना धीर दिला, "चपराशी तर चपराशी, सरकारी आहे ना!" वडील त्यांना म्हणाले, "तुमी नर्स म्हना. मले तोच शब्द पसंत आहे."

लग्नाच्या बाजारात मात्र तो शब्द चालेना. परतवाड्याचं एक स्थळ चांगलं जमत आलं होतं. मुलीच्या वडिलांनी निरोप पाठवला की मुलगा चांगला आहे, पण नातेवाइकांना जावई काय करतो म्हणून सांगायचं? आमच्या मामांनी सुचवलं की 'आरोग्य खात्यात आहे' एवढंच सांगत जाऊ. मी नाही म्हणालो. वडीलही नाही म्हणाले. "जे आहे ते सांगू. ज्याले पचन, तो येईन," हे त्यांचं उत्तर.

मग अकोल्यातलंच एक स्थळ आलं. मुलगी एका शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत होती. पोह्यांच्या बशा आल्या, हवापाण्याचं बोलणं झालं, आणि तिच्या मामांनी घसा खाकरून तो नेहमीचा प्रश्न काढला, "पण नर्स हे तसं बायकांचं पद नाही का?" मी उत्तर देणार तेवढ्यात मुलीनंच मला विचारलं, "पेशंट तुम्हाला सिस्टर म्हणून हाक मारतात का?"

"मारतात. अजूनही मारतात."

"मग तुम्ही ओ देता?"

"देतो. दुखणाऱ्या माणसाचं व्याकरण मी दुरुस्त करत नाही."

ती हसली. व्याकरण शिकवणारी असूनही हसली. मग मी तिला शब्दकोशातली गोष्ट सांगितली, आणि बाकीची मंडळी पोहे खात असताना आम्ही दोघं लॅटिनवर बोलत बसलो. महिन्याभरात लग्न ठरलं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो होतो. सकाळी आई म्हशीला दोहायला बसली. बायको कौतुकानं जवळ उभी होती. बराच वेळ झाला तरी दूध येईना, तेव्हा तिनं विचारलं, "काय झालं हो आई?" आई पारडूला म्हशीजवळ सोडत म्हणाली, "थांब, पान्हा सोडला नाही तिनं अजून. लेकरू दिसलं की सोडते."

बायको तो शब्द पुटपुटत घरात आली. पान्हा. दिवसभर ती कुठे तरी हरवल्यासारखी होती. मला वाटलं, उन्हानं डोकं दुखत असेल.

अकोल्याला परतल्यावर ती आपल्या जुन्या प्राध्यापकांकडे गेली. संध्याकाळी मी ड्यूटीवरून घरी आलो तर ती दारातच उभी होती आणि तिच्या अंगात नुसता आनंद मावत नव्हता. चपलाही काढू न देता ती बोलायला लागली. पान्हा हा शब्द संस्कृत 'प्रस्नव' वरून आला आहे. प्रस्नव म्हणजे दूध पाझरणं. त्यात धातू आहे 'स्नु', पाझरणे. प्राकृतात त्याचं पण्हव झालं आणि मराठीत पान्हा. "आणि आता ऐका," ती म्हणाली, "तुमच्या नर्सचा जो लॅटिन धातू आहे, दूध पाजण्याचा, तो आणि आपला स्नु, हे दोन्ही मुळात एकाच जुन्या धातूपासून निघाले असं भाषेचे अभ्यासक मानतात. सर म्हणाले, शंभर टक्के छातीठोक कोणी सांगू शकत नाही, इतक्या जुन्या गोष्टी आहेत. पण मानतात."

"म्हणजे नर्स आणि पान्हा..."

"एकाच आजीची नातवंडं."

मी तिथेच पायरीवर बसलो. दिवसभर सलाइन लावून, ड्रेसिंग करून, लोकांचं उलट-सुलट ऐकून आलो होतो. माझ्या पेशाचं नाव परक्या भाषेतलं, परक्या देशातलं, बाहेरून येऊन अंगाला चिकटलेलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आणि त्याचा भाऊबंद तर आमच्या गोठ्यात, माझ्या आईच्या तोंडात रोज सकाळी होता! बायकोच्या हातचा चहा त्या दिवशी मी खरोखरच तासभर धरून बसलो.

वडिलांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे इंग्रजांनी आपलाच शब्द नेला?"

बायकोनं फोन घेऊन समजावलं, "नाही बाबा. त्यांनी आपला नेला नाही, आपण त्यांचा आणला नाही. फार फार मागे दोघांचं घर एकच होतं. नंतर वेगळे निघाले."

"असं, असं. वाटनी झाली म्हना ना," वडील म्हणाले. शेतकरी माणसाला ते लगेच पटलं.

त्यानंतर काही वर्षांनी माझी बदली नवजात बाळांच्या विभागात झाली. दिवस पूर्ण व्हायच्या आत जन्मलेली, तळहातावर मावतील अशी बाळं तिथे काचेच्या पेट्यांत ठेवतात. तिथे सगळ्या महिला नर्स होत्या. पुरुष मी एकटा. सुरुवातीला सहकारिणींनाही जरा अवघडल्यासारखं व्हायचं, पण आठवडाभरातच त्यांनी मला आपल्यातला करून घेतलं, इतका की बाळ किरकिर करू लागलं की "याला तुझ्या मोठ्या हातात घे" म्हणायच्या.

एक बाळ बाळापूरकडून आलं होतं. घर भाजीपाला लावणाऱ्यांचं. आई झटके येऊन बेशुद्ध झाली होती आणि दुसऱ्या विभागात होती. बाप तिच्याजवळ. बाळाजवळ काचेबाहेर बसायला होती बाळाची आजी, काटक, उन्हात रापलेली, डोक्यावर पदर. बाळ आधी नळीवर होतं. थोडी ताकद आली तेव्हा डॉक्टरांनी वाटीनं दूध सुरू करायला सांगितलं. ही लांब चोचीची छोटी वाटी असते. जुन्या बायका तिला बोंडलं म्हणतात. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, मान एका हाताच्या बोटांत सांभाळायची आणि वाटीची चोच ओठांच्या कोपऱ्यावर ठेवून थेंब थेंब दूध जाऊ द्यायचं. घाई केली तर ठसका लागतो, उशीर केला तर बाळ थकून झोपी जातं.

मी बाळाला घेऊन काचेजवळच्या खुर्चीत बसलो. आजीनं काचेवर टकटक केली. दार जरा उघडून मी विचारलं, "काय आजी?"

"बाई नाही काय आत? मानूस पाजून राहिला लेकराले?"

"आजी, नर्स या शब्दाचा अर्थच दूध पाजणारी असा आहे."

"अर्थ काईबी असू दे. हात धुतले काय?"

"धुतले आजी. कोपरापर्यंत."

"मंग पाज. पन हडबड नको करू."

मी पाजायला लागलो. आजी काचेला नाक लावून बघत होती. पहिला थेंब बाळाच्या हनुवटीवर ओघळला. दुसरा आत गेला. बाळाची जीभ किंचित हलली आणि त्यानं गिळलं. गळ्यापाशी जी बारीकशी हालचाल झाली, ती काचेपलीकडून आजीलाही दिसली. तिनं पदर तोंडाला लावला.

हे रोजचं झालं. माझी ड्यूटी असली की आजी दुसऱ्या कोणाला पाजू देईना. तिच्यापुढे कोणाचं काही चालत नव्हतं.

अशाच एका दुपारी वडील अकोल्याला आले. कलमांवर डिंक्या रोग दिसत होता, म्हणून झाडाची साल आणि पानं घेऊन ते कृषी विद्यापीठात दाखवायला आले होते. काम आटोपून, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन ते मला भेटायला दवाखान्यात आले. मी कामात आहे असं कोणी तरी सांगितल्यावर ते बाहेरच्या बाकावर बसले. बाकावर आजीही होती. काचेतून मी बाळाला पाजताना त्यांना दिसत होतो. मला मात्र ते दिसले नव्हते. माझं लक्ष वाटीवर होतं.

पुढचं बोलणं मला नंतर आजीनंच सांगितलं. तिनं या अनोळखी माणसाला विचारलं, "तुमचं बी लेकरू आहे काय आत?"

"आहे," वडील म्हणाले.

"मंग काळजी नका करू. तो पाहा, तो मानूस दिसते ना, तो नर्स आहे. मले पयले पटे नाही. पन असा पाजते की बाईच्या हातानं काय पाजन! माहा नातू त्याच्या हातून जगला."

वडिलांनी पिशवीतलं एक संत्रं काढून तिच्या हातावर ठेवलं. मग म्हणाले, "माय, माहं लेकरू तेच आहे. तो पाजनारा."

मी बाहेर आलो तेव्हा आजी वडिलांच्या पिशवीतलं संत्रं सोलून खात होती आणि वडील काचेकडे तोंड करून उभे होते. मी हाक मारली तर त्यांनी लगेच वळून पाहिलं नाही. वळले तेव्हा डोळे पुसून झाले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणानंतर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवल्याचं मला आठवत नाही. "जेवला काय?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मंग चाल, जेवू."

जेवताना ते त्या वाटीबद्दल एकेक विचारत होते. चोच किती आत ठेवायची, बाळ गिळतं की नाही हे कसं ओळखायचं, ठसका लागला तर काय. मी सांगत होतो आणि ते, माझे वडील, एखाद्या नव्या धंद्याची माहिती घ्यावी तसे ऐकत होते. मला त्या दिवशी कुठल्याही सत्काराची गरज उरली नाही.

बाळाची आई शुद्धीवर आली. तिला चाकाच्या खुर्चीत बसवून आम्ही विभागात आणलं. तिनं बाळाला पहिल्यांदा पाहिलं. आम्ही ते तिच्या छातीशी दिलं, आणि थोड्या वेळानं तिच्या गाऊनवर ओलं उमटलं. सहकारीण हळूच म्हणाली, "आला बघ पान्हा." मी बाजूला झालो. आता माझं तिथे काम नव्हतं. त्यासारखा दुसरा आनंद मी नोकरीत अनुभवला नाही. बाळाला घेऊन घरी जाताना आजीनं मला वांगी आणि मेथीची भली मोठी पिशवी दिली. मी नको म्हणालो, तर ती रागावली. विभागातल्या सगळ्यांनी घरी नेऊन ती भाजी खाल्ली.

आता मी त्याच विभागाचा प्रमुख नर्स आहे. माझ्या हाताखाली, म्हणजे माझ्या सोबत, आता पुष्कळ पुरुष नर्सही आहेत. वाशिमचे, मूर्तिजापूरचे, दर्यापूरचे. त्यांना कोणी चिडवलं की ते हसून सोडून देतात, कारण नव्या माणसाला कामावर घेतलं की पहिल्या दिवशी मी त्याला इंजेक्शनाबद्दल काही सांगत नाही, त्याच्या पदाच्या शब्दाबद्दल सांगतो. शब्दकोश, दूधआई, स्नु, पान्हा. बायको म्हणते, एवढं व्युत्पत्तिशास्त्र तर माझ्या वर्गातही होत नाही.

आणि आणखी एक गोष्ट आम्ही तिथे सुरू केली आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवलं की त्याला ऊब मिळते, ते झपाट्यानं वाढतं. आईची तब्येत ठीक नसेल तर हे काम बापालाही करता येतं. आमच्याकडे हे बापांच्या गळी उतरवणं सोपं नसतं.

परवा संत्र्याचा व्यापार करणारा एक तरुण आला होता. बाळ दुसऱ्या दिवसापासून पेटीत, बायकोचं ऑपरेशन झालेलं. मी त्याला म्हणालो, "शर्ट काढा, खुर्चीत बसा. बाळ छातीवर द्यायचं आहे." तो गोंधळून म्हणाला, "सर, मी? मायले बोलवू काय? बाहेर बसली आहे."

"तुम्हीच पाहिजे. बाप आहात ना?"

त्यानं इकडे तिकडे पाहिलं, शर्ट काढला, घडी करून मांडीवर ठेवला आणि परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला. मी बाळ त्याच्या छातीवर ठेवलं, वरून दुपटं गुंडाळलं आणि त्याचे दोन्ही हात बाळाच्या पाठीवर नेऊन ठेवले. त्यानं श्वास रोखून धरला होता. "श्वास घ्या," मी म्हणालो, "त्याला तुमचा श्वास ऐकू येऊ द्या." तो हळूच सैल झाला. बाळानं एकदा डोकं हलवलं आणि गाल त्याच्या छातीवर टेकवला.

पुष्कळ वेळानं मी परत गेलो, तर तो तसाच बसला होता. खिशातला फोन थरथरत होता आणि त्यानं तो काढून पाहिलाही नव्हता. मी म्हणालो, "द्या आता माझ्याकडे, चहा घेऊन या जाऊन."

त्यानं मान हलवून नाही म्हटलं आणि अगदी हळू आवाजात बोलला, "थांबा ना सर. आत्ताच झोपलं."